देवाची पायली

जुन्या देवळांच्या वह्यांत ‘तांदूळ १ मण’, ‘ज्वारी ४ पायली’ अशा नेमणुकीच्या नोंदी आढळतात. पूर्वजांनी जमीन दिली ती देवाला दरसाल इतके धान्य पोहोचावे म्हणून. आता हे धान्य किलोत किती घालावयाचे, असा प्रश्न निघाला की कारभाऱ्यांत वाद होतो. आणि तो वाद पोकळ नसतो.

याचे कारण असे की, मण दोन प्रकारचा होता. वजनी मण ४० शेरांचा. शेर ८० तोळ्यांचा आणि तोळा म्हणजे इंग्रजी अमलातील चांदीच्या रुपयाचे वजन. या हिशेबाने शेर सुमारे ९३३ ग्रॅम व मण ३७ किलो ३२४ ग्रॅम होतो. मुंबईच्या पेठेत मात्र एके काळी २८ रत्तलांचाच मण चाले, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतबाहेर! कैली मण याहून निराळा, कारण तो मापाने भरावयाचा. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायल्या कोठे १६ झाल्या म्हणजे मण होई, तर कोठे १२ झाल्या म्हणजे. वीस मणांची खंडी. गोव्याकडे मात्र वीस कुडवांची. सोळा पायल्यांच्या मणात मापी शेर चौसष्ट होतात. तेव्हा नोंदीतला मण वजनी की कैली, हे न पाहता आकडा बदलला तर देवाचे तरी बुडते, नाही तर कुळाचे.

शिवाय शीग होतीच. मापावर धान्याची शीग चढवून मोजले की सपाट मापापेक्षा जास्त भरे. खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. पण लाभ कोणाचा, हे बहुधा मापाऱ्याच्या हातावर असे.

सन १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली, ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि साठीच्या दशकात शेर-मण व्यवहारातून गेले. वजनाचे कोष्टक त्यामुळे सोपे झाले. पायलीचे तसे नाही. गावोगावची पायली वेगळी, म्हणून छापील कोष्टकावर विसंबू नये.

देवळात जुनी पायली शिल्लक असेल तर उपाय सोपा आहे. रिकामी पायली तोलावी, मग काठोकाठ पाण्याने भरून तोलावी. जितके किलो वाढले तितके लिटर, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. हे झाले पायलीचे माप. धान्याचे वजन मात्र पाण्यावरून काढू नये. त्याच पायलीत तांदूळ जितका भरतो, तितके टरफलासकट भात भरत नाही, ते हलके. ज्या धान्याची नेमणूक, तेच पायलीत भरून तोलावे, शिगेसह व शिगेवाचून असे दोनदा. आलेले आकडे जुन्या नोंदीशेजारी लिहावेत. मूळ नोंद खोडू नये.