वसाहतीची हजेरी आणि प्रयोगाची चौकट

अभिसंधानाचा इतिहास शिकविताना आपण विद्यार्थ्यास प्रथम सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत नेतो, तेथून न्यूयॉर्क येथे थॉर्नडाइकच्या मांजरांकडे व शेवटी हार्वर्ड येथे स्किनरच्या उंदरांकडे. हा क्रम योग्यच आहे. परंतु सोलापुरात हा विषय शिकणाऱ्यास आणखी एका स्थळाचा विचार करावयास हवा. नवी पेठेचा गजबजलेला बाजार ज्या शहरात आहे, त्याच शहरातील एक भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो. मुंबई इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार जमातींची एक मोठी वसाहत येथे होती. बक्षीस आणि शिक्षा यांच्या योगे माणसांचे वर्तन पालटण्याचा तो एक दीर्घ उपक्रम होता. त्यास प्रयोग म्हणावे काय, आणि म्हटल्यास त्यातून काय सिद्ध झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम कायद्याचा इतिहास पाहू. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ साली झाला. तो आरंभी उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत आली आणि १९२४ साली सर्व तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली, की तिच्यातील व्यक्तींची नोंदणी होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी देणे बंधनकारक होई आणि त्यांना वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळांत ठेवण्याचीही तरतूद होती. अधिसूचनेच्या ग्राह्यतेविषयी न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नसे. मुंबई इलाख्यात या कामाची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने बसविली. अमेरिकन मराठी मिशनचाही त्यात वाटा होता. कैकाडी, भामटा, मांग गारुडी, पारधी, टकारी इत्यादी जमातींची कुटुंबे अशा वसाहतींत ठेवली गेली. सोलापुरात १८७७ पासून कापडगिरण्या उभ्या राहत होत्या आणि त्यांना कामगार हवे होते. वसाहतीतील अनेकांना तेथे कामास लावण्यात आले. चांगल्या वर्तणुकीचे फळ म्हणून तारेच्या कुंपणाबाहेरील मुक्त वसाहतीत राहण्याची सवलत मिळे. सोलापुरातील ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव त्याच व्यवस्थेचा अवशेष होय.

या व्यवस्थेचे अभिसंधानाच्या परिभाषेत वर्णन करणे कठीण नाही. हजेरी चुकविल्यास शिक्षा, वर्तणूक सुधारल्यास बंधनांत सूट. हे साधक अभिसंधानाचेच दोन मार्ग. ज्या १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला, त्याच साली थॉर्नडाइकने आपल्या ग्रंथात परिणामाचा नियम मांडला, हा केवळ योगायोग आहे. समाधानकारक परिणामाने वर्तन दृढ होते व त्रासदायक परिणामाने ते क्षीण होते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९३० नंतरच्या लेखनात त्याने या नियमाचा दुसरा अर्धा भाग बराच सैल केला. बक्षिसाने वर्तन जितके दृढ होते, तितके शिक्षेने ते पुसले जात नाही, असे त्याच्या प्रयोगांत आढळले. १९३८ साली स्किनरने व १९४४ साली एस्टेसने उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की सौम्य शिक्षेने प्रतिक्रिया काही काळ दबते; शिक्षा थांबताच ती बहुतांशी पूर्वपदावर येते. म्हणजे शिक्षेच्या ज्या शक्तीवर प्रशासक विश्वासून होते, तिच्याविषयी प्रयोगशाळेलाच त्या काळात शंका येऊ लागली होती.

तथापि वर्णन म्हणजे पुरावा नव्हे. वसाहतीमुळे सुधारणा झाली, हे कशावरून? अशा व्यवस्थेचा नेहमीचा पुरावा म्हणजे शिक्षा झालेल्यांची घटती संख्या. संशोधनपद्धतीच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यानेही येथे थांबावयास हवे. कुंपणाआड ठेवलेल्या माणसास चोरीची संधीच कमी असते. तेव्हा घट सवयीतील पालटामुळे झाली की संधीच्या अभावामुळे, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. गिरणीतील नियमित वेतन हे तिसरे कारण. उपजीविका मिळाल्यावर कोणाही गरीब मनुष्याचे वर्तन पालटू शकते. उलट, पासाविना बाहेर राहणे हाच गुन्हा ठरत असल्याने व्यवस्था स्वतःच नवे गुन्हेगार निर्माण करीत होती. ही सारी परिवर्त्ये एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यांना वेगळे करावयाचे, तर त्याच परिस्थितीतील परंतु वसाहतीबाहेरील नियंत्रित गट हवा, आणि तो नव्हता.

येथे अभिसंधानाचा उत्तरकालीन इतिहास उपयोगी पडतो. पाव्हलॉव्हनंतर बराच काळ असे मानले जाई, की दोन उद्दीपके वारंवार एकत्र आली की त्यांचे साहचर्य बनते. १९६७ व १९६८ साली रॉबर्ट रेस्कॉर्ला याने या समजुतीस धक्का दिला. त्याने उंदरांना ध्वनीच्या वेळी विजेचा धक्का दिला. परंतु काही गटांत ध्वनी नसतानाही तितक्याच संभाव्यतेने धक्के दिले. दोन्ही संभाव्यता सारख्या असताना ध्वनीची भीती उत्पन्न झाली नाही. ध्वनी व धक्का एकत्र आल्याचे प्रसंग मात्र पूर्वीइतकेच होते. तात्पर्य, ‘घंटी वाजली व अन्न मिळाले’ एवढ्या नोंदीवरून काहीच निष्पन्न होत नाही. घंटी वाजली नाही तेव्हा अन्न कितीदा मिळाले, हेही मोजले पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घंटी वीस वेळा वाजली व त्यांतील बारा वेळा अन्न मिळाले. हे प्रमाण प्रभावी वाटते. परंतु घंटी नसलेल्या वीस कालखंडांतही बारा वेळा अन्न मिळाले असेल, तर घंटी अन्नाची कोणतीच सूचना देत नाही. चार घरांचा हा तक्ता अभिसंधानाचा पाया आहे, आणि संशोधनपद्धतीचाही. नियंत्रित गट म्हणजे तक्त्याची दुसरी ओळ, दुसरे काही नाही.

आता हाच तक्ता ‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेस लावून पाहावा. एका बाजूस जमातीचे नाव, दुसऱ्या बाजूस गुन्हा. चोरी झाली की तपास नोंदणी झालेल्या वस्तीत प्रथम होई. साहजिकच तेथे गुन्हे अधिक सापडत. बाकीच्या समाजाची हजेरी नव्हती, ठसे नव्हते, झडती नव्हती. तक्त्याची दुसरी ओळ भरलीच गेली नाही. अधिसूचनेस न्यायालयात आव्हान देता येत नसल्याने ती ओळ भरण्याचा एक मार्गही कायद्यानेच बंद केला होता. ज्या गृहीतकाची परीक्षा करण्यास मनाई आहे, ते शास्त्रीय गृहीतक नव्हे.

यावरून एक निराळाच प्रश्न उभा राहतो. या सर्व काळात अभिसंधान कोणाचे झाले? वसाहतीतील लोकांचे किती झाले, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. परंतु जमातीचे नाव ऐकताच संशय घेण्याची सवय समाजास व पोलिसांस जडली, असे मानण्यास जागा आहे. नाव हे उद्दीपक आणि संशय ही प्रतिक्रिया. एका व्यक्तीच्या अपराधावरून साऱ्या जमातीस तोच संशय चिकटणे, यास सामान्यीकरण म्हणता येईल. ही तुलना आहे, सिद्धान्त नव्हे. सामाजिक पूर्वग्रहात सत्ता, जात व आर्थिक हितसंबंध असतात; कुत्र्याच्या लाळेत ते नसतात. तरीही तुलनेचा एक उपयोग आहे. मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशात रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या. मात्र १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा आला. तो जमातीस नव्हे तर व्यक्तीस लागू होता, परंतु नोंदणी व देखरेख यांची परंपरा त्याने चालू ठेवली. विमुक्तांवरील संशय कायद्याबरोबर संपला नाही. पाव्हलॉव्हनेच दाखविले होते, की विलोपनानंतर काही काळ गेल्यावर प्रतिक्रिया आपोआप परत येते. विलोपन म्हणजे पुसून टाकणे नव्हे. जुन्या शिक्षणावर नवे शिक्षण चढविणे होय. केवळ कायदा मागे घेणे पुरेसे का होत नाही, याचा विचार करण्यास ही दृष्टी साहाय्य करते.

शेवटी नीतीचा मुद्दा. १९२० साली वॉटसन व रेनर यांनी अल्बर्ट या तान्ह्या मुलात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण केली. तो एकाच बालकावरील प्रयोग होता, आणि भीती नाहीशी न करताच मूल निघून गेले. आपण तो प्रयोग दोषांसह शिकवितो. न्युरेंबर्ग संहिता १९४७ ची. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची आचारसंहिता १९५३ ची. त्यांनंतर प्रयोज्याच्या संमतीवाचून प्रयोग करणे अमान्य ठरत गेले. अल्बर्टच्या बाबतीत जो आक्षेप आपण घेतो, तो हजारो कुटुंबांच्या बाबतीत किती पटींनी लागू होतो, हे निराळे सांगावयास नको. वसाहतीत संमती नव्हती आणि नियंत्रणही नव्हते. नीतीचा दोष आणि पद्धतीचा दोष येथे एकाच मुळातून आले आहेत. ज्याचे वर्तन मोजावयाचे, त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज कोणास वाटली नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधताना दूरच्या प्रयोगांकडे पाहतात. सेटलमेंट त्यांच्या शहरातच आहे. तेथील वृद्धांच्या आठवणी, जुनी प्रशासकीय कागदपत्रे आणि पूर्वग्रहमापनाच्या आजच्या पद्धती एकत्र आणल्यास पुष्कळ काम होण्यासारखे आहे. मात्र ते करताना प्रत्येक आकड्यास एकच प्रश्न विचारावा: तक्त्याची दुसरी ओळ कोठे आहे? तो प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर एखाद्या जमातीच्या नावालाच पुरावा मानणे इतके सोपे झाले नसते.