पालापाचोळ्यातलं विष

मध्यंतरी ऑफिसच्या कामासाठी न्यू जर्सीला गेलो होतो. तिथे कॉलेजातल्या एका मित्राकडे मुक्काम होता. त्याच्या हॉलमध्ये एक काचेची पेटी आहे. आत शेवाळं, दोन-चार झाडं आणि अंगठ्याएवढे चार बेडूक. काळ्या अंगावर झगझगीत हिरवे पट्टे. डेंड्रोबेटस ऑरॅटस, मूळ गाव पनामा वगैरे.

शनिवारी सकाळी उठून बघतो तर साहेब गॅसवर पातेल्यात सुकी पानं उकळतायत! म्हटलं, हा कुठला काढा? तर तो म्हणाला, पेटीत घालायचा पालापाचोळा आहे, निर्जंतुक करतोय. वर कौतुकाने दाखवलं, की ही पानं आपल्या सोसायटीतल्या बदामाची. झाडू मारणारा ज्यांना रोज शिव्या घालतो, तीच लाल पानं तिकडे पाकिटात विकत मिळतात :-)

"अरे पण हे विषारी बेडूक ना?" मी विचारलं.

"जंगलात विषारी. इथे नाही."

हे 'इथे नाही' काही डोक्यातून जाईना. परत आल्यावर दोन-तीन वीकेंड यातच गेले.

या गोष्टीचा नायक जॉन डॅली. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला केमिस्ट. 1960च्या दशकात त्याला कोलंबियाच्या जंगलात धाडलं, कारण तिथले एम्बेरा लोक फुंकनळीच्या बाणांना बेडकाचं विष लावायचे. पुढे चार्ल्स मायर्स या बेडूकतज्ज्ञाबरोबर त्याची जोडी जमली. बेडूक विषारी आहे का हे बघायची डॅलीची एक पद्धत म्हणजे बेडकाला बोट लावायचं आणि ते बोट जिभेला. (घरी करून बघू नये.) बेडकांच्या कातडीत त्याच्या गटाला शेकडो अल्कलॉइड सापडली. सगळ्यांनी धरून चाललं होतं, की बेडूकच ती शरीरात तयार करतो.

पण एक बग होता. फायलोबेटस टेरिबिलिस हा त्यातला सगळ्यात जहाल बेडूक. जंगलातून पकडून आणलेल्यांचं विष पेटीत सहा-सहा वर्षं टिकलं. पेटीत वाढलेल्या त्यांच्या पुढच्या पिढीत मात्र ते अजिबात नव्हतं. हे 1980 साली छापून आलं. जीन्स त्याच, जात तीच, मग विष गेलं कुठे?

दुसरा धागा मिळाला हवाईत. 1932 साली डास खातील या आशेने पनामातून तिथे हेच हिरवे-काळे बेडूक नेऊन सोडले होते. अनेक पिढ्यांनंतर तपासलं तर त्यांच्यात विष होतं, पण पनामाच्या भाऊबंदांपेक्षा वेगळं. आणि त्यांचीच पिल्लं पेटीत फळमाश्यांवर वाढवली तर विष शून्य.

मग 1994 साली माझा आवडता प्रयोग छापून आला. सगळे बेडूक पनामातच, पेटीत वाढवलेले. काहींना फक्त बिनपंखी फळमाश्या. काहींना जंगलातला पालापाचोळा आणून त्यातले किडे-मुंग्या. पहिल्या गटात अल्कलॉइड नाहीत. दुसऱ्यात भुंगेऱ्यांचं एक, पैसा किड्याचं एक, शिवाय आणखी अनेक. म्हणजे विष बेडकात नव्हतं, पाचोळ्यात होतं!

तरी हिशोब पुरा जुळला नव्हता. जंगली बेडकांत मुख्य असलेलं प्युमिलिओटॉक्सिन या पेटीतल्यांत आलंच नाही. ते 2004 साली काही मुंग्यांत सापडलं. 2007 साली कळलं, की पाचोळ्यातले टाचणीच्या टोकाएवढे माइट हा विषाचा मोठा साठा आहे. म्हणून बेडूक अगदीच नुसता डबा आहे असंही नाही. खाल्लेलं विष साठवायचं कसब त्याच्या अंगचंच, आणि काही जाती तर ते बदलून आणखी जहाल करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड त्याचा, लायब्ररी मात्र बाहेरची.

यात गमतीपेक्षा जास्त काही आहे हे मला एपिबॅटिडीनपाशी कळलं. 1974 साली डॅली आणि मायर्स यांनी इक्वाडोरच्या छोट्या बेडकांपासून एक अर्क काढला. उंदरांमध्ये तो मॉर्फिनच्या सुमारे 200 पट प्रभावी वेदनाशामक निघाला. पण नमुना इतका थोडा, की त्या काळच्या उपकरणांना त्याची रचना उलगडेना. पेटीत बेडूक वाढवून अर्क मिळवावा, तर त्यात ते द्रव्य नाही. शेवटी जपून ठेवलेल्या त्या चिमूटभर नमुन्यावरून 1992 साली रचना जाहीर झाली. औषध म्हणून ते वापरता आलं नाही, फारच विषारी. पण वेदना थांबवायची एक नवी वाट केमिस्टांना दिसली. त्या जंगलातला पाचोळा आधीच झाडून टाकला असता, तर बेडूक वाचवूनही ही वाट दिसली नसती.

आता तुम्ही म्हणाल, मग मित्राने पानं उकळू नयेत? छे, उकळावीतच. 1999 साली बेडूक मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचं बारसं झालं, तेही वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या अशाच पेटीतल्या बेडकांवरून. तिच्या नावातलं 'डेंड्रोबाटिडिस' या बेडकांचंच. 2004 साली तिने पनामातल्या एल कोपेच्या जंगलात बेडकांचा सडा घातला. आज तिथल्या काही जाती माणसाने सांभाळलेल्या पेट्यांतच तग धरून आहेत. त्यांच्यासाठी उकळलेलं पान म्हणजे आयुष्य.

पण एक दिवस यातल्या विषारी जाती जंगलात परत सोडायच्या झाल्या, तर त्या स्वच्छ आणि निशस्त्र असणार. विष परत येऊ शकतं. प्रयोगात फळमाश्यांवर अल्कलॉइड भुरभुरून दिलं, तर पेटीतल्या बेडकांनी ते साठवलं होतं. त्यासाठी फक्त खाली तो कुजका, किडक्या-मुंग्यांनी भरलेला पाचोळा शिल्लक हवा.

काल सकाळी खाली सोसायटीत बदामाच्या पानांचा ढीग पेटवलेला दिसला. रोजचंच आहे. काल मात्र वरून बघत जरा जास्त वेळ उभा राहिलो.