कन्स्ट्रक्टर

कन्स्ट्रक्टर : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये नवा ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारा आणि त्याला वापरण्याजोग्या अवस्थेत आणून सोडणारा कोडचा भाग. राज्य मंडळाच्या बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये तो सी प्लस प्लसच्या अंगाने शिकवला जातो. ‘क्लासचेच नाव, रिटर्न टाइप नाही, ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालतो’ एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून कन्स्ट्रक्टर ओळखता येतो इतकेच. तो कशासाठी असतो हे कळत नाही.

मेमरीतली जागा राखून ठेवणे हे कन्स्ट्रक्टरचे काम नाही. ते भाषेची यंत्रणा आधीच उरकते आणि कन्स्ट्रक्टरच्या हाती ती मोकळी जागा येते. सी प्लस प्लसमध्ये तिथल्या साध्या अंकी घटकांत जुना कचरा असू शकतो. जावा ती जागा आधी शून्याने पुसून देते. कन्स्ट्रक्टरने त्या जागेत अशा किमती भरायच्या, की त्या क्लासबाबत जे कायम खरे राहायला हवे ते पहिल्या क्षणापासून खरे असेल. या कायमच्या अटीला इन्व्हेरियंट म्हणतात. टोनी होअर यांनी १९७२ मध्ये ही कल्पना काटेकोरपणे मांडली.

उदाहरणासाठी बोदलकसा घेऊ. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील हा तलाव सिंचनाचा मध्यम प्रकल्प आहे. पाणीसाठ्याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘तलाव’ नावाचा क्लास लिहिला (जावा आणि पायथन ३ मध्ये क्लासचे नाव देवनागरीत दिलेले चालते), तर त्यात नाव, क्षमता, मृतसाठा (तळाचे सोडता न येणारे पाणी) आणि आजचा साठा हे घटक येतील. अटी उघड आहेत : क्षमता शून्याहून अधिक, मृतसाठा क्षमतेहून कमी, आजचा साठा ऋण नाही. आता कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही, तर जावा बिनपॅरामीटरचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर स्वतःच पुरवते. तलाव तयार होतो. नाव नल, क्षमता शून्य, साठा शून्य. साठ्याची टक्केवारी काढताना शून्याला शून्याने भागले जाते आणि घटक दशांशी असल्याने जावा कुठलीही कुरकुर न करता ‘नॉट अ नंबर’ ही किंमत देते. पुढे जिल्ह्याची सरासरी काढली की तीही तशीच बिघडते. चूक दिसते अहवालात, पण झालेली असते तलाव जन्मला त्या ओळीत.

म्हणून नाव, क्षमता आणि मृतसाठा मागणारा पॅरामीटराइज्ड कन्स्ट्रक्टर लिहितात. तो लिहिताच भाषेने पुरवलेला डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर नाहीसा होतो आणि रिकामा तलाव बनवू पाहणारी ओळ कंपाइलच होत नाही. नवशिके इथे वैतागतात, पण हा कंपायलरचा उपकारच आहे. उरलेली तपासणी कन्स्ट्रक्टरच्या आत करायची. मृतसाठा आणि क्षमता या दोन्ही नुसत्या संख्या असल्याने कुणी त्यांची अदलाबदल केली तरी कंपायलर गप्प बसतो. मृतसाठा क्षमतेहून कमी नसला तर एक्सेप्शन फेकायचे काम कन्स्ट्रक्टरचे. सी प्लस प्लसमध्ये असा कन्स्ट्रक्टर अर्ध्यावर फसला तर त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड) चालत नाही, कारण ऑब्जेक्ट पूर्ण झालेलाच नसतो. तोवर पूर्ण झालेल्या घटकांचे डिस्ट्रक्टर मात्र उलट्या क्रमाने चालतात.

जावातला एक सापळा फार छळतो. कन्स्ट्रक्टरच्या नावाआधी सवयीने ‘व्हॉइड’ लिहिले, की तो कन्स्ट्रक्टर राहत नाही, क्लासच्याच नावाची साधी मेथड होते. क्लासमध्ये दुसरा कन्स्ट्रक्टर नसेल, तर डिफॉल्ट पुन्हा येतो आणि बिनपॅरामीटरचा तलाव विनातक्रार तयार होतो. सी प्लस प्लसमध्ये हीच चूक कंपाइल होताना पकडली जाते.

एकाच क्लासला वेगवेगळ्या पॅरामीटरचे अनेक कन्स्ट्रक्टर असू शकतात. यालाच कन्स्ट्रक्टर ओव्हरलोडिंग म्हणतात. त्याची मर्यादा पाणीसाठ्याच्या एककांत लख्ख दिसते. महाराष्ट्रात साठा कधी दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात, तर कधी टीएमसीत. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. दोन्ही एककांसाठी वेगळे कन्स्ट्रक्टर हवे असले, तरी दोन्हीकडे पॅरामीटर तेच : एक नाव, दोन संख्या. कन्स्ट्रक्टरला स्वतःचे वेगळे नाव नसल्याने दोघांत फरक करता येत नाही. अशा वेळी कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवून ‘दलघमीवरून’ आणि ‘टीएमसीवरून’ अशा नावाच्या स्टॅटिक मेथड देतात. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) या पुस्तकातला पहिलाच सल्ला या स्टॅटिक फॅक्टरी मेथडचा आहे.

इनहेरिटन्समध्ये क्रमाला महत्त्व येते. गोंदियाच्या भागात शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. ‘बोडी’ हा क्लास ‘तलाव’पासून काढला, तर आधी तलावाचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, मग बोडीचा चालतो. समजा, तलावाच्या कन्स्ट्रक्टरने ‘नोंद लिही’ ही मेथड बोलावली आणि बोडीने ती ओव्हरराइड करून तीत गट क्रमांक छापला आहे. जावात बोडीची मेथड चालते, पण गट क्रमांक अजून भरलेला नसतो, म्हणून नोंदीत नल किंवा शून्य उमटते. सी प्लस प्लसमध्ये त्या क्षणी ऑब्जेक्ट निव्वळ तलाव मानला जातो आणि तलावाचीच मेथड चालते. म्हणून कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नये, हा नियम दोन्हीकडे पाळावा. २०२५ च्या जावा २५ पासून मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर बोलावण्याआधी काही कोड लिहिण्याची आणि स्वतःचे घटक भरण्याची अधिकृत मुभा मिळाली. त्यामुळे ही अडचण बरीच सैल झाली.

ही कल्पना नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेपर्यंत मागे जाते. तिथे वेगळा कन्स्ट्रक्टर नव्हता; ऑब्जेक्ट बनताच क्लासच्या अंगातलीच विधाने चालत. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी बेल लॅबमध्ये १९७९ साली ‘सी विथ क्लासेस’वर काम सुरू केले. त्यांच्या पहिल्या आराखड्यात कन्स्ट्रक्टरचे काम करणाऱ्या फंक्शनचे नाव ‘न्यू’ होते. क्लासचेच नाव देण्याची पद्धत सी प्लस प्लसमध्ये आली आणि जावाने ती उचलली. पायथनमध्ये ऑब्जेक्ट बनवणे आणि तो भरणे ही कामे ‘न्यू’ आणि ‘इनिट’ या दोन खास मेथडमध्ये विभागलेली आहेत.

गो आणि रस्ट या भाषांत कन्स्ट्रक्टर नाही. दोन्हींत साध्या फंक्शनवर काम भागवतात. मात्र गोमध्ये टाइप पॅकेजबाहेर खुला असेल तर बाहेरच्या कुणालाही शून्य किमतींचा तलाव सरळ बनवता येतो, त्यामुळे शून्य किमतींनाही काही अर्थ असेल अशी रचना करण्याचा तिथे प्रघात आहे. रस्टमध्ये प्रत्येक घटकाला किंमत दिल्याशिवाय स्ट्रक्ट बनत नाही आणि घटक खाजगी असतील तर मॉड्यूलबाहेरून तो थेट बनवताच येत नाही.