तारामंडलपेटेची दारू आणि सुभेदारसाहेबांची ठासणीची बंदूक

बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये माझी रविवारची सकाळ चिकपेटेत जाते. मेट्रोने उतरायचे, साडीवाल्यांची शटर वर जाण्याआधी अव्हेन्यू रोडपर्यंत पाय मोकळे करायचे, कुठेतरी उभ्याने इडली खायची आणि परत. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या या पेटेत मराठी माणसाला फार परके वाटत नाही. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती. पुढे व्यंकोजीराजांनी तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्क देवराजाशी शहराचा सौदा केला. आजही शेजारच्या नगरथपेटेच्या बोळात सोनेचांदी गाळणारे विटा-खानापूरकडचे गलाईवाले भेटतात आणि बूट-केस बघून लगेच ओळखतात, "साहेब फौजेत का?"

गेल्या महिन्यात तिथेच फोन आला. माझ्या जुन्या युनिटमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळेपासून ठासणीची बंदूक आहे, केपाची, परवाना पीक-संरक्षणाचा. भात पोटरीला आले की रानडुकरे हुसकावायला ती बाहेर निघते.

"साहेब, भाचा अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीनं हरणाच्या शिकारीला जातो. म्हणतो, काळी दारू आता कोण वापरत नाही, दुसरी दारू येते. आपल्याकडं काळी मिळायला किती कटकट! मग मी बारा बोअरची काडतुसं फोडून त्यातली दारू भरली तर?"

मी रस्त्यातच थांबलो. "भरायची नाही. एक चिमूटसुद्धा नाही," एवढे आधी सांगितले. का, ते संध्याकाळी सांगतो म्हणालो. संध्याकाळचे ते बोलणे तासभर चालले. त्यातले बरेचसे इथे लिहितो, कारण अशी बंदूक असलेले माजी सैनिक कोकणात बरेच आहेत.

मी उभा होतो तिथून थोड्याच अंतरावर, सिटी मार्केटच्या बाजूला, तारामंडलपेट आहे. आज तिथे पाहण्यासारखे काही नाही. टेम्पो, पोती आणि हॉर्न. पण टिपू सुलतानाच्या काळात जिथे बाण तयार होत त्या वस्त्यांना तारामंडलपेट म्हणत. श्रीरंगपट्टण, बेंगळुरू, चित्रदुर्ग आणि बिदनूर अशा चार ठिकाणी त्या होत्या. बाण म्हणजे इथे रॉकेट. आपल्या जुन्या कागदांतही हाच शब्द आहे. बेंगळुरूचेच शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ मध्ये या बाणांवर निबंध लिहिला. त्यातला मुद्दा तोफखान्यातल्या माणसाला पटकन पटतो. म्हैसूरच्या कारागिरांनी दारू बदलली नाही, नळी बदलली. शोरा, गंधक, कोळसा तेच; पण कागदाच्या किंवा बांबूच्या जागी लोखंडी नळी आली. लोखंड जास्त दाब सोसते, म्हणून तीच दारू दाबून भरता आली आणि बाण लांब गेला. आधी भांडे मजबूत केले, मग त्यात दारू ठासली. हा क्रम लक्षात ठेवा, सुभेदारसाहेबांचा प्रश्न याच क्रमाचा आहे.

२०१८ मध्ये बिदनूरजवळच्या नगर गावी एका पडक्या विहिरीतून असे हजारावर बाण निघाले. विहिरीच्या चिखलाला दारूचा वास येत होता असे तेव्हाच्या बातम्यांत होते. सव्वादोनशे वर्षे विहिरीत राहूनही वास. पण वास राहिला म्हणजे जोर राहिला असे नव्हे. काळ्या दारूचा पहिला शत्रू ओल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याविषयी जे सांगितले आहे ते आजच्या कुठल्याही ॲम्युनिशन डेपोच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये शोभेल. दारूखाना घरांपासून दूर हवा, आणि आठापंधरा दिवसांनी हवालदाराने बाण, होके वगैरे बाहेर काढून उन्ह दाखवून पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे. आठापंधरा दिवसांनी! आमच्याकडे तिमाही तपासणीला लोक कुरकुरतात.

दुसरा दोष राखेचा. काळी दारू पेटली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो घनच राहतो. थोडा धूर होऊन मैदानावर पसरतो, उरलेला नळीत चिकटतो. चार-सहा बार झाले की गोळी गजाने खाली जाईना होते. रात्री ती राख हवेतली ओल ओढते आणि सकाळी नळीला गंज. म्हणून जुने शिपाई बंदूक गरम पाण्याने धूत. १७९० च्या शेवटी परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला, तेव्हा मुंबईहून आलेल्या इंग्रज तुकडीत एडवर्ड मूर नावाचा लेफ्टनंट होता. मराठ्यांच्या तोफखान्यावर त्याने यथेच्छ हसून घेतले आहे: तोफ भरायची, मंडळींनी बसून अर्धा तास विड्या-गप्पा करायच्या, मग डागायची, धूळ उडाली की समाधान, आणि दुपारी दोन तास दोन्ही बाजूंना आराम. वाचताना हसू येते खरे. पण दारूचा तुटवडा होता हेही त्याच वेढ्यातले सत्य आहे. आणि राखेने भरलेली, तापलेली तोफ घाईने भरू नये हे कुठलाही गोलंदाज सांगेल. मूरसाहेबांना वाटले तेवढा तो निव्वळ आळस नसावा.

त्याच मोहिमेत, ७ मार्च १७९१ रोजी, कॉर्नवॉलिसच्या फौजेने ही पेट घेतली. तेव्हा भोवती खंदक आणि काटेरी झाडांचे दाट कुंपण होते. वेशीपाशी मद्रास तोफखान्याचा कर्नल मूरहाऊस पडला. २१ मार्चच्या रात्री किल्ल्याच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला, किल्लेदार बहादूरखान लढता लढता मारला गेला. के. आर. मार्केटजवळ तट आजही उभा आहे, खिंडाराच्या जागी दगडी पाटी आहे. तिच्यासमोर उभे राहिले की मला धूर आठवतो. दोन्हीकडून ठासणीच्या बंदुका, दोन्हीकडून काळी दारू; दुसऱ्या बारीनंतर समोर कोण आहे हे कुणालाच दिसत नसणार. योगायोग असा की बंगालमध्ये ईशापूरच्या दारू कारखान्याचे उत्पादन सुरू झाले तेही १७९१ मध्येच.

हा धूर संपवला फ्रेंचांनी. १८८४ मध्ये पॉल व्हिएलने नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू बनवली आणि दोन वर्षांत फ्रेंच शिपायाच्या हाती तिची रायफल आली. पुढे इंग्रजांची कॉर्डाइट आली. ती भारतात बनवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत अरुवनकाडूचा कारखाना उभा राहिला.

आता काडतूस फोडण्याचा प्रश्न. बिनधुराची दारू जवळजवळ सगळीच वायू होते, राख नाममात्र. म्हणजे वजनास वजन धरले तर वायू कितीतरी जास्त. पण खरा धोका वेगळाच आहे. काळ्या दारूच्या जळण्याच्या वेगावर दाबाचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे तिचा दाब मर्यादेत राहतो. बिनधुराची दारू दाब वाढेल तशी भराभर जळते, भराभर जळते म्हणून दाब आणखी वाढतो, आणि हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत. काडतुसात तिचे माप, वरचे बूच, छर्ऱ्यांचे वजन हे सगळे त्या बंदुकीच्या पोलादाशी जुळवलेले असते. वडिलोपार्जित नळीत, अंदाजाने, शिंगडीच्या जुन्या मापाने ती ओतली की मागचा पेच उडतो किंवा नळी फुटते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. कॅप्टन असताना सुट्टीवर गेलो होतो, तेव्हा आमच्याच पंचक्रोशीत एकाने असे केले होते. नळी केळफुलासारखी उलगडली होती. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली, एक डोळा गेला. घरच्यांनी डॉक्टरांना सांगितले, फटाका फुटला. बंदूक मी नंतर पाहिली. आत चिकटलेली उरलीसुरली दारू चपटी आणि चकचकीत होती.

मग भाचा अमेरिकेत वापरतो ते काय? तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिकडे काळी दारू कायद्याने स्फोटक मानली जाते. साठवण, वाहतूक, दुकानाचा परवाना, सगळेच अवघड. म्हणून १९७० च्या दशकात डॅन पावलाक नावाच्या माणसाने पायरोडेक्स तयार केली. तिच्यातही शोरा, गंधक, कोळसा आहेतच, पण जोडीला इतर द्रव्ये घालून ती उशिरा पेटणारी केली, म्हणजे कायद्याच्या सौम्य वर्गात बसली आणि साध्या दुकानात विकता आली. कायद्यापुरती ती सौम्य झाली, कारखान्यात मात्र नाही: १९७७ मध्ये तिथल्या स्फोटात स्वतः पावलाक गेला. पुढे कॅन्ससच्या हॉजडन कुटुंबाने ती घरोघर पोचवली. १९८५ मध्ये टोनी नाइटची रायफल आली; तिच्यात केप बाजूला न बसता थेट नळीच्या मागे बसते. ही हल्लीची ठासणीची रायफल. पोलाद आजचे, ठिणगी २०९ क्रमांकाच्या जोरदार प्रायमरची.

या बदली दारूचे सगळे शहाणपण एकाच गोष्टीत आहे. ती जुन्या दारूसारखी वागते, आणि मापही जुनेच ठेवते. पायरोडेक्स वजनाला हलकी असते. शंभर ग्रेन काळी दारू मावणाऱ्या मापात ती भरली तर तराजूवर सत्तरच्या आसपास भरते, पण काम साधारण शंभरचेच करते. म्हणून ती मापून घालायची, तोलून नाही. कुणी हुशारीने तराजू आणून शंभर ग्रेन तोलून घातली, तर तो जवळजवळ दीडपट बार भरून बसला. नंतरच्या ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही. वास कमी, धुवायला सोपी, पण मापाला मापही जास्त जोरदार, म्हणून कंपनी माप कमी करायला सांगते. यातली कुठलीच चकमकीच्या बंदुकीत नीट पेटत नाही. काळी दारू अजून टिकून आहे त्याचे एक कारण हेच: गार ठिणगीवर पेटावे तर तिनेच. आणि पायरोडेक्सने गंज चढत नाही असे समजू नका. तिच्यातल्या पर्क्लोरेटमुळे नळी त्याच दिवशी धुतली नाही तर काळ्या दारूपेक्षा वाईट हाल होतात.

तारामंडलपेटेत भांडे बदलले आणि दारू तीच ठेवली. अमेरिकेत दारू बदलली, पण भांड्याला झेपेल अशी बेतली. काडतूस फोडणारा भांडे जुनेच ठेवून दारू मात्र दुप्पट रागीट घालतो. सुभेदारसाहेबांना मी हे असेच सांगितले. रागीट हा शब्द त्यांना आवडला.

भाच्याने पुडी पोस्टाने पाठवण्याचा विचारही करू नये, हे वेगळे बजावले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे, ती शेतकऱ्याच्या हिताची आहे. परवान्यावर परवानाधारक विक्रेत्याकडून काळी दारू घ्यायची, कटकट असली तरी.

फोन ठेवण्याआधी सवयीने विचारले, "बंदूक रिकामी आहे ना?"

"रिकामीच असणार. दसऱ्याला पूजेला काढलेली."

"असणार नको. केप बसवलेली नाही ना ते बघा. तोंड आढ्याकडे, तुम्ही बाजूला. गज हळूच आत सोडा, तोंडापाशी बोटाने खूण धरा. आता बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. केप बसते तिथवर पोचतो का?"

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "चार बोटं कमी पडतोय, साहेब."

बार भरून बंदूक कोपऱ्यात उभी होती, नातवंडांच्या घरात. नळीत पाणी ओतून रात्रभर तशीच ठेवायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या परवानाधारक कारागिराकडे. त्याने मळसूत्री टोकाच्या गजाने आधी काथ्याचा बोळा ओढला, मग छर्रे, मग दारू. सुभेदारसाहेबांनी फोटो पाठवला. काळी दारू पाण्यात विरघळून शाईसारखा लगदा होते. फोटोतल्या ताटलीत शाई होती, आणि शाईत पाण्याने काहीही न झालेल्या, चपट्या, चकचकीत चकत्या.

खाली लिहिले होते, "धाकट्याला विचारलं. गेल्या पावसाळ्यात भरलेली. केप ओली झाली म्हणून उडाली नाही म्हणतो."