हातांची भाषा

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने एका बहिऱ्या माणसाला बरे केल्याची हकिकत आहे. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, आकाशाकडे पाहून उसासा टाकतो आणि मगच शब्द उच्चारतो. ज्याला शब्द ऐकू येत नाही, त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला. ख्रिस्तसभेच्या शिक्षणकार्याचा इतिहास चाळताना जाणवते, की या प्रसंगाचे मर्म आपल्याला कधी उमगले, तर कधी आपण ते विसरलो.

इ. स. १७६०च्या सुमारास पॅरिसमध्ये धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे यांची दोन बहिऱ्या बहिणींशी गाठ पडली. या मुली धर्मशिक्षणावाचून राहतील, या चिंतेने त्यांनी त्यांना शिकविण्याचे मनावर घेतले. बहिऱ्यांना शिकविण्याचा प्रयत्न त्यापूर्वीही झाला होता. सोळाव्या शतकात स्पेनमधील बेनेडिक्टाइन संन्यासी पेद्रो पोन्से यांनी सरदारपुत्रांना बोलायला शिकविले होते. लेपे यांनी मात्र गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा काढली आणि शिकविण्याआधी ते स्वतः विद्यार्थी झाले. बहिरी माणसे आपसात ज्या खुणांनी बोलत, त्या त्यांनी आत्मसात केल्या व त्यांच्या आधारे मुलांना लिहावयास, वाचावयास शिकविले. १७८९ साली ते निवर्तले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने त्यांच्या शाळेची जबाबदारी स्वीकारली. पुढे याच शाळेत शिकलेले लोराँ क्लेर हे कर्णबधिर गृहस्थ तेथेच शिक्षक झाले आणि १८१७ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा उभी करण्यास त्यांनी हातभार लावला.

परंतु १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी जुलिओ तारा हे आपलेच एक धर्मगुरू होते. खुणांची भाषा वर्ज्य करून मुलांना केवळ मुखाने बोलावयास शिकवावे, असा ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. ज्यांच्याविषयी हा निर्णय होत होता, त्यांना तेथे जवळजवळ स्थानच नव्हते. हेतू वाईट नव्हता; मुलांनी चारचौघांत मिसळावे, हीच इच्छा होती. परिणाम मात्र दारुण झाला. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. हात हलविले म्हणून छडी खाल्ल्याच्या आठवणी अनेक देशांतील कर्णबधिरांनी सांगितल्या आहेत. मुलाची भाषा हिरावली की त्याचे मनही कोंडले जाते. एकाकीपणा आणि न्यूनगंड त्याच्या सोबतीला येतात. या ठरावाबद्दल त्याच परंपरेतील परिषदेने व्हँकुव्हर येथे खेद व्यक्त केला, तो २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनंतर!

आपल्याकडे मुंबईचे तत्कालीन बिशप, येशूसंघीय लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५च्या सुमारास मूकबधिरांसाठी शाळा सुरू झाली. ती देशातील आद्य शाळा मानली जाते. याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. मात्र पुढे भारतातील अशा बहुतेक शाळांतही दीर्घकाळ खुणांपेक्षा उच्चारांवरच भर राहिला, हेही विसरू नये.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली असून त्यांत अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार यांचाही समावेश आहे. कर्णबधिर मुलाला त्याला योग्य अशा भाषेतून शिक्षण मिळावे, असेही हा कायदा सांगतो. लेपे यांनी आपल्या शाळेत जे केले, तेच कायद्याने आता कर्तव्य ठरविले आहे.

कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो. आत त्याचे पालन शिक्षकांनी आणि पालकांनी करावयाचे असते. आपल्या धर्मग्रामातील प्रथम कम्युनियनच्या वर्गात एखादा मुलगा क्षणभर स्वस्थ बसत नाही, एखादी मुलगी महिनोन्महिने तोंड उघडत नाही, एखाद्याला अक्षरेच उलटी दिसतात. आपण त्यांना हट्टी, घुमी, मठ्ठ म्हणून मोकळे होतो. मिलानच्या सभागृहातील सज्जनांची चूक आपणही अशीच नकळत करीत असतो. त्या मुलाला क्षणभर गर्दीतून बाजूला घ्यावे, त्याची खूण ओळखावी आणि मग बोलावे. प्रभूने तेच केले होते.