सर्किट बोर्डाची जोडणी-सूची : आकृतीपासून कारखान्यापर्यंतचा पुरावा

पेडणे तालुक्यातील तुये येथे केंद्र सरकारच्या २०१२ सालच्या इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग क्लस्टर योजनेखाली इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी स्वतंत्र वसाहत आखण्यात आली. डिचोलीत औद्योगिक वसाहत आहे, मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे आणि दोन्ही तालुक्यांत सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. या परिसरातील ज्या तरुणांना सर्किट बोर्डाच्या कामात उतरायचे आहे, त्यांना संगणकावर बोर्ड रेखाटण्याइतकेच आणखी एक काम नीट यावे लागते. ते म्हणजे रेखाटलेल्या सर्किटची जोडणी-सूची, अर्थात नेटलिस्ट, बाहेर काढणे आणि ती तपासणे. बोर्ड हाती येऊन सुटे भाग बसवल्यानंतर उघडकीस येणाऱ्या कित्येक चुका या सूचीत आधीच दिसू शकतात.

नेटलिस्ट म्हणजे काय?

सर्किटची आकृती, म्हणजे स्कीमॅटिक, माणसाला वाचण्यासाठी असते. तिच्यात कोणती रेघ डावीकडून गेली आणि कोणती उजवीकडून, याला विद्युतदृष्ट्या अर्थ नसतो. अर्थ असतो तो कोणत्या भागाची कोणती पिन कोणत्या पिनेशी जोडली आहे, एवढ्यालाच. एकमेकींशी जोडलेल्या पिनांच्या समूहाला ‘नेट’ म्हणतात आणि अशा सर्व नेटांची यादी म्हणजे नेटलिस्ट.

कुळागराच्या पंपासाठी वापरता येईल असे रिले चालवणारे एक साधे सर्किट घेऊ. त्यात जे१ हा तीन पिनांचा कनेक्टर, आर१ हा रोध, क्यू१ हा ट्रान्झिस्टर, डी१ हा डायोड आणि के१ हा रिले आहे. पंपाकडे जाणारी रिलेच्या संपर्कांची बाजू वगळून केवळ कॉइलची बाजू लिहिली, तर नेटलिस्ट अशी होते :

- १२ व्होल्ट : जे१-१, के१-१, डी१-कॅथोड
- कॉइल : के१-२, डी१-अ‍ॅनोड, क्यू१-कलेक्टर
- बेस : आर१-२, क्यू१-बेस
- संकेत : जे१-२, आर१-१
- ग्राउंड : जे१-३, क्यू१-एमिटर

पाच भाग, पाच नेट आणि बारा पिना. प्रत्येक पिन यादीत एकदाच आली आहे. हा हिशेब जुळला नाही, तर कोठे तरी जोडणी सुटली आहे किंवा दोन वेगळ्या जोडण्या एक झाल्या आहेत असे समजावे. डायोड उलटा लागला असता तर १२ व्होल्टच्या नेटमध्ये कॅथोडऐवजी अ‍ॅनोड दिसला असता. चित्रात नजरेआड होणारी ही चूक यादीत चटकन लक्षात येते.

सूची बाहेर कशी काढावी?

विनामूल्य आणि मुक्तस्रोत असल्यामुळे शिक्षणसंस्था व लहान उद्योग यांना परवडणारे सॉफ्टवेअर म्हणजे कायकॅड. फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली त्याची सुरुवात केली. जिनिव्हाजवळील सर्न ही संशोधनसंस्था २०१३ पासून त्याच्या विकासात सहभागी झाली. कायकॅडच्या स्कीमॅटिक संपादकात प्रथम सर्व भागांना क्रमांक द्यावेत, मग विद्युत नियमांची तपासणी, म्हणजे ईआरसी, चालवावी आणि त्यानंतर ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘नेटलिस्ट’ या क्रमाने जावे. तेथे कायकॅडच्या स्वतःच्या स्वरूपासह स्पाइस, ऑरकॅड, कॅडस्टार अशी अन्य स्वरूपेही निवडता येतात. समोरच्या व्यक्तीचे सॉफ्टवेअर कोणते आहे ते आधी विचारून स्वरूप ठरवावे.

बाहेर पडणारी फाइल साध्या मजकुराची असते आणि कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तिच्या आरंभी मूळ आकृतीचे नाव, तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती असते. पुढे भागांची यादी येते आणि शेवटी नेट येतात. आरंभीची तारीख अवश्य पाहावी. आकृतीत बदल केल्यावर जुनीच नेटलिस्ट पुढे पाठवणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

कायकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आकृतीतील बदल थेट बोर्डवर नेण्याची सोय आहे, त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला नेटलिस्टची फाइल दिसतही नाही. यावरून तिची गरज संपली असे मात्र मानू नये. बोर्डाची मांडणी दुसऱ्याकडून करून घेताना, सर्किटचे अनुकरण संगणकावर करून पाहताना किंवा दोन आवृत्त्यांमधील फरक शोधताना हीच फाइल हाताशी असावी लागते.

आयआयटी मुंबईचे ईसिम

नेटलिस्टचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने विकसित केलेले ‘ईसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपयुक्त आहे. त्यात आकृती कायकॅडमध्ये रेखाटली जाते, तिची नेटलिस्ट काढली जाते, ती एनजीस्पाइसला समजेल अशा रूपात बदलली जाते आणि मग सर्किट संगणकावर चालवून पाहता येते. या पद्धतीचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पाइस या प्रणालीत आहे. १९७३ साली पुढे आलेल्या या प्रणालीने सर्किटचे वर्णन मजकुराच्या ओळींत करण्याची रीत रूढ केली. बोर्ड बनवण्यावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी सर्किटची वर्तणूक तपासण्याची संधी विद्यार्थ्याला यातून मिळते.

कारखान्याला काय पाठवावे?

येथे दोन प्रकारच्या सूचींमधील फरक ध्यानात घ्यायला हवा. पहिली सूची आकृतीतून निघते आणि रचनाकाराचा हेतू सांगते. दुसरी तयार मांडणीतून निघते. तिच्यात प्रत्येक पॅडचे व छिद्राचे स्थान आणि त्याचे नेट नोंदलेले असते. या दुसऱ्या सूचीसाठी आयपीसी-डी-३५६ हे स्वरूप उद्योगात प्रचलित आहे. कायकॅडच्या बोर्ड संपादकात ‘फाइल’ या यादीतील ‘फॅब्रिकेशन आउटपुट्स’ येथे ते मिळते.

बोर्ड बनवणाऱ्याकडे सामान्यतः गर्बर फाइली आणि छिद्रांची फाइल जाते. गर्बर फाइलीत मूलतः तांब्याच्या आकारांचे वर्णन असते. कोणते दोन आकार जोडलेले असायला हवेत, हे साध्या गर्बर फाइलीतून कळत नाही. डी-३५६ फाइल सोबत नसेल तर कारखाना गर्बरवरूनच जोडण्यांची यादी तयार करतो आणि तयार बोर्डाची विद्युतचाचणी त्या यादीशी पडताळतो. समजा, फाइली बाहेर काढताना एक थर जुन्या आवृत्तीचा गेला. मग बोर्ड त्या चुकीच्या थराबरहुकूम बनतो, चाचणीही त्याच चुकीशी जुळते आणि शंभरच्या शंभर बोर्ड ‘उत्तीर्ण’ होऊन येतात. कारखान्याने आपले काम चोख केलेले असते, पण ग्राहकाच्या हाती निरुपयोगी माल पडतो. डी-३५६ फाइल सोबत असती, तर गर्बरशी तिची तुलना करतानाच विसंगती दिसली असती आणि तांबे कोरण्यापूर्वी काम थांबवता आले असते.

म्हणून मागणीपत्रातच ‘दिलेल्या नेटलिस्टशी तुलना करावी’ असे स्पष्ट लिहावे. फाइल नुसती जोडल्याने तुलना होईलच असे नाही.

सूचीच्या मर्यादा

नेटलिस्ट जुळली म्हणजे सर्किट बरोबर आहे असे नव्हे. ट्रान्झिस्टरचे उदाहरण घ्या. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो, तर पीएन२२२२ए मध्ये तो एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. आकृतीत एकाचे चिन्ह घेऊन प्रत्यक्षात दुसरा ट्रान्झिस्टर बसवला, तर सूची, बोर्ड आणि विद्युतचाचणी यांचा मेळ पूर्ण बसतो, तरीही रिले अपेक्षेप्रमाणे चालत नाही. पिनांचा क्रम उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

नावांतील चुकाही अशाच फसव्या असतात. एका पानावर ‘रीसेट’ आणि दुसऱ्या पानावर ‘आरएसटी’ असे लेबल दिले, तर माणसाला दोन्ही एकच वाटतात, पण सॉफ्टवेअर दोन वेगळी नेट तयार करते. सूचीत एकच पिन असलेले नेट दिसले की आधी अशा नावांकडे पाहावे. महत्त्वाच्या नेटांना स्वतः नावे द्यावीत. सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली नावे तपासताना अर्थबोध करून देत नाहीत आणि आकृतीतील बदलांबरोबर ती बदलूही शकतात.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

- भागांचे क्रमांक पूर्ण आहेत आणि ईआरसीमधील प्रत्येक सूचनेचा उलगडा झाला आहे.
- नेटलिस्ट शेवटच्या बदलानंतर काढलेली आहे.
- वीजपुरवठा व ग्राउंड यांची नेट पिनेगणिक वाचली आहेत.
- बोर्डाची नियमतपासणी, म्हणजे डीआरसी, आकृतीशी तुलना करण्याचा पर्याय निवडून चालवली आहे.
- गर्बर, छिद्रांची फाइल आणि डी-३५६ एकाच वेळी, एकाच आवृत्तीतून काढून एकत्र जतन केल्या आहेत.

नेटलिस्टमधून सर्किटची संपूर्ण रचना उघड होते, हेही विसरू नये. बाहेरच्या व्यक्तीकडे ती सोपवताना गोपनीयतेचा लेखी करार असावा. त्याचबरोबर स्वतःकडील प्रत सुरक्षित ठेवावी. पाच वर्षांनी तोच बोर्ड दुरुस्तीला आला आणि रेखाटणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असला, तर कोणती पिन कोठे जोडली होती हे त्या साध्या मजकुराच्या फाइलीतून कळते. मूळ सॉफ्टवेअर तोपर्यंत बंद पडले असले, तरी ती वाचता येते.

आकृतीतील चूक रेघ पुसून सुधारता येते. तीच चूक तयार बोर्डात सापडली तर तार जोडून किंवा तांब्याची वाट कापून काम भागवावे लागते, आणि सुटे भाग बसवून झाल्यावर सापडली तर सगळा माल वाया जाण्याची भीती असते. मोजक्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या लहान उद्योगाला असा एक फटकाही जड जातो. त्यामानाने सूची काढून वाचण्यास लागणारा वेळ फारच थोडा आहे.