निजामाच्या रेल्वेचा आगीचा बंब

दिल्लीत चाणक्यपुरी येथे १९७७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात वाफेच्या मोठमोठ्या इंजिनांच्या संगतीत एक आगीचा बंब आहे. रुळांवर चालणाऱ्या यंत्रांच्या मेळाव्यात हा रस्त्यावरचा पाहुणा कसा, असे पाहणाऱ्यास क्षणभर वाटावे. परंतु त्याचा हक्क पक्का आहे. १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या शेजारी सॅल्फर्ड येथे जॉन मॉरिस अँड सन्स या कारखान्याने तो बांधला आणि हैदराबादच्या निजामाच्या रेल्वेने तो आपल्या चाकरीस ठेवला. या घडणीचे दोनच बंब जगात उरले आहेत असे मानले जाते. दुसरा लंडनच्या उत्तरेस एनफील्डजवळच्या व्हाइटवेब्ज संग्रहालयातला. दिल्लीचा बंब मात्र नुसता उरलेला नाही. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली सुरू केलेल्या जुन्या मोटारींच्या फेरीत तो स्वतःच्या चाकांवर अनेकदा धावला आहे.

रेल्वेला बंब कशाला लागावा, हा प्रश्न कोळशाच्या इंजिनाचा काळ पाहिलेला माणूस विचारणार नाही. वाडी ते सिकंदराबाद हा या रेल्वेचा पहिला रस्ता १८७४ साली खुला झाला. पुढे १९०० च्या सुमारास हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत गाडी जाऊ लागली आणि नांदेड, परभणी, सेलू, जालना या मराठवाड्यातील पेठांचा कापूस स्टेशनांच्या आवारात येऊन पडू लागला. वर ठिणग्या उडविणारे इंजिन आणि खाली कापसाच्या गाठी! कापसाची आग मोठी दगलबाज असते. ती वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या पोटात तासन् तास धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर जो अनर्थ झाला, त्याचा आरंभही अशाच धुमसणाऱ्या कापसापासून झाला होता. त्याच जहाजावर दारूगोळा होता. स्फोटांत बंबखान्याचे ६६ जवान कामावर असतानाच गेले.

बंब हा शब्द आपल्या कानाला इतका घरचा वाटतो, की स्नानाचे पाणी तापविणारे तांब्याचे भांडे आणि आग विझविणारे यंत्र या दोहोंना आपण एकच नाव देऊन टाकले आहे. तो पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, या शब्दावरून आला असे मानतात. गोव्याच्या वाचकास हे नाते सांगावयास नकोच. पंप हाच बंबाचा प्राण. प्रथम तो माणसांच्या हातांनी चाले. १८२९ साली लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी वाफेवर चालणारा पंप सिद्ध केला, पण त्याला ओढावयास घोडे लागत आणि वाफ धरेपर्यंत आग वाट पाहत नसे. १९०४ साली लंडनजवळच्या फिंचले गावासाठी मेरीवेदर कंपनीने पेट्रोलचा बंब बांधला, त्यात एकाच इंजिनाने गाडीही चाले आणि पंपही चाले. मुंबईच्या बंबखान्यात पहिला मोटारबंब १९०७ साली आला. निजामाच्या रेल्वेचा बंब त्यानंतर सातच वर्षांनी घडलेला आहे. बंबाच्या धंद्यात घोडा अजून पुरता निवृत्त झाला नव्हता, तेव्हाचे हे यंत्र.

अशा वयाचे यंत्र वर्षानुवर्षे उभे राहिले म्हणजे त्याला चालते कसे करावयाचे? हौशी माणसाचा पहिला मोह असतो तो हँडल मारून पाहण्याचा, आणि पहिली चूकही तीच. सिलिंडरात गंज धरलेला असतो, पिस्टनच्या कड्या भिंतीला चिकटलेल्या असतात. जोर केला की कडी तुटते आणि भिंतीवर कायमचा ओरखडा उठतो. जाणता मिस्त्री प्लग काढून आत पातळ तेल सोडतो आणि काही दिवस तिकडे फिरकतही नाही. नंतर इंजिन हाताने तसू तसू फिरवून पाहावयाचे. पेट्रोलच्या टाकीतला गंज आणि राळेसारखा साका खरवडून काढावयाचा, नाहीतर तो कार्ब्युरेटरात उतरतो. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या तारेवरचे आवरण दमट हवेने कुजलेले असते. ती तार नव्याने गुंडाळून घ्यावी लागते.

खरी अडचण पुढेच आहे. सुटा भाग मागवावयाचा कोणाकडून? जॉन मॉरिस कंपनी आपल्या बंबांसाठी मँचेस्टरच्याच बेलसाइझ कारखान्याचे सांगाडे घेत असे, आणि तो कारखाना १९२५ साली बंद पडला. तेव्हा झिजलेला दाता, फुटलेले झाकण, गळणारी तोटी, सारे काही हातानेच पुन्हा घडवावे लागते. लाकडाचा नमुना कोरणारा सुतार, त्यावरून वाळूत साचा बसविणारा ओतारी आणि ओतलेला भाग कानशीने जुळविणारा फिटर अशी तिघांची साखळी लागते. इंजिनाच्या दांड्याखालील व्हाइट मेटलचे बेअरिंग वितळवून ओतावयाचे आणि निळा रंग लावून, कोठे टेकते ते पाहत, हाताने खरडावयाचे, हे काम आज करणारे फार थोडे उरले आहेत. निजामाच्या रेल्वेने सिकंदराबादेजवळ लालगुडा येथे १८९३ साली कारखाना काढला. वाफेच्या युगात अशा रेल्वे कारखान्यांत ही कामे रोजची होती, बाप करी आणि मुलगा पाहून शिके. वाफेची इंजिने गेली आणि त्या हातांना काम उरले नाही.

त्या काळच्या जड गाड्यांची चाके बहुधा लाकडी आऱ्यांची असत. तुंबा, आरे आणि पुठ्ठे यांची ही रचना बैलगाडीचे चाक घडविणाऱ्या आपल्या सुतारास परकी नाही. फक्त लोखंडी धावेच्या जागी भरीव रबराची धाव, तीही प्रचंड दाबाने बसविलेली. रबर कालांतराने तडकते, आणि लाकूड दिल्लीच्या उन्हाळ्यात आटून आरे खुळखुळू लागतात. हवा भरलेली नवी चाके चढविणे सोपे असते, पण मग तो बंब १९१४ चा राहत नाही.

इंजिन सुरू झाले, गाडी चालली, लोकांनी टाळ्या दिल्या, तरी बंब चालता झाला असे म्हणता येत नाही. त्याने पाणी फेकले पाहिजे. बहुतेक हौशी मंडळी येथेच थांबतात, कारण पंपाचे काम दिसावयास शोभिवंत नाही आणि खर्च मात्र फार. पंपाने विहिरीतून पाणी ओढावयाचे म्हणजे आधी शोषनळीतील हवा काढली पाहिजे. सूक्ष्मशी फट राहिली तरी पाणी वर चढत नाही. हवेच्या दाबाने पाणी ३४ फुटांपर्यंत चढावे असे शास्त्र सांगते; व्यवहारात २५ फूट मिळाले तरी पुष्कळ. म्हणून पंपाच्या दांड्याभोवतीची दोरी नव्याने भरणे, प्रत्येक सांध्याचे चामडे बदलणे आणि दाबाचा काटा तपासून घेणे ही कामे रंगरंगोटीच्या आधीची आहेत. रंगाचीही एक सावधगिरी आहे. जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडविणे आरोग्यास घातक. शिवाय त्या थरांखाली कित्येकदा पहिल्या मालकाची सोनेरी अक्षरे दडलेली असतात. ती एकदा घासली गेली की पुन्हा सापडत नाहीत.

येथे जाणकारांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, यंत्र धावले की झिजते. प्रत्येक फेरीत मूळच्या धातूचा अंश जातो, एकेक भाग बदलता बदलता शेवटी नावच तेवढे जुने उरते. म्हणून त्याला काचेआड ठेवा. दुसरा पक्ष म्हणतो, उभे यंत्र गंजते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते चालविण्याची विद्या गंजते. पहिल्या पक्षाचे म्हणणे खोटे नाही. जगात दोनच उरलेल्या वस्तूंपैकी एक झिजविण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तथापि बंबाच्या बाबतीत तरी दुसऱ्या पक्षाचे पारडे जड वाटते. काचेआडच्या बंबाकडे पाहून तो पाणी कसे ओढी हे कोणास कळावयाचे? मात्र त्याला वर्षातून दोन-चार वेळाच, सपाट रस्त्यावर, बेताने चालवावे. जो भाग काढला तो भंगारात न टाकता चिठ्ठी बांधून जपावा, आणि नव्या भागावर तो केव्हा घडविला ते साल कोरावे. म्हणजे पुढच्या माणसास खरे कोणते आणि आपले कोणते हे वेगळे कळेल. आपल्याकडे कित्येक बंब असा काही विचार होण्यापूर्वीच पितळेच्या भावाने गेले.

व्हाइटवेब्जच्या संग्रहालयास मिळालेली जागा म्हणजे १८९८ साली लंडनच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले जुने पंपघर. दिल्लीच्या भावंडाला शेजार मिळाला तो इंजिनांचा. फेरीच्या दिवशी मात्र त्याला आपल्या पायांवर उभे राहावे लागते. हँडल मारणाऱ्यासाठी अशा गाड्यांचा एक जुना धडा आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, मुठीत आवळावयाचा नाही. इंजिनाने उलट झटका दिला तर आवळलेला अंगठा मोडतो. तो धडा पुस्तकातही सापडेल. पण शिकाऊ पोराचा हात हँडलवर ठेवून, त्याचा अंगठा आपल्या हाताने सोडवून दाखविणारा म्हातारा मिस्त्री जवळ असेल तर तो एका सकाळीच पाठ होतो.